एक खांदा

बिरादार बाईंशी पंजा लढवू नका, हा सल्ला आमच्या शाळेत नव्या शिक्षकाला वेळापत्रकाच्याही आधी मिळायचा. मलाही मिळाला होता. मी इतिहासाचा माणूस. पूर्वीच्यांच्या चुका वाचून माणूस शहाणा होतो, असं मी मुलांना शिकवतो. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात मी स्टाफरूममध्ये बाईंशी पंजा लढवला आणि हरलो. माझा हात टेबलावर टेकवून बाई म्हणाल्या, "सर, डावा बी बघायचा का? मनात राहायला नको."

अहमदपूरच्या त्या शाळेत बाई मराठी शिकवायच्या. माहेर उदगीरकडचं, वडील नावाजलेले पैलवान. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून आखाड्याची माती खोदायला ते मुलीला सोबत न्यायचे. मुलीला कुस्ती शिकवायची नाही एवढं त्यांनी पाळलं. मुलीने बघायचं नाही, एवढं मात्र सांगायचं राहून गेलं. बाई उंच होत्या, रुंद होत्या, आणि त्याबद्दल त्यांना अजिबात संकोच नव्हता. हातात खडू असेपर्यंत त्यांची भाषा पुस्तकातली असे. खडू ठेवला की उदगीर सुरू. फार रागावल्या तर कानडी. ती आम्हाला समजत नसे, पण कळायचं सगळं.

एकदा पोषण आहाराच्या तांदळाचे पन्नास-पन्नास किलोचे कट्टे आले आणि शिपायाची पाठ धरलेली. बाईंनी पदर खोचला, कट्टा खांद्यावर घेतला आणि निघाल्या. वाटेत मुख्याध्यापक आडवे आले. "बाई, हे शोभत नाही."

बाई कट्ट्यासकट थांबल्या. "मग हितंच ठेवते. तुम्ही उचला. तुम्हाला शोभंल."

मुख्याध्यापकांनी वाट दिली.

अशा बाईचं काय करायचं हे समाजाला एकाच प्रकारे कळतं. आठ मार्चला आमच्या संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब दरवर्षी बाईंना शाल द्यायचे आणि माईकवरून त्यांना 'रणरागिणी' म्हणायचे. भाऊसाहेब कुणालाही साध्या नावाने हाक मारत नसत. त्यांच्या तोंडी शिपाई सेवाव्रती आणि स्वयंपाकीण अन्नपूर्णा होती. एका वर्षी बाई उत्तराला उभ्या राहिल्या. "मी आजवर रणात गेले न्हाई आणि कुणाला मारलं बी न्हाई. तांदूळ उचललाय. शालीबद्दल आभार." एवढं बोलून बसल्या. भाऊसाहेबांनी सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या. टाळी कुठे वाजवायची हे त्यांना चांगलं कळायचं. का वाजवायची, हा प्रश्न त्यांना सहसा पडत नसे.

बाईंचा एक विषय होता. तो अभ्यासक्रमात नव्हता, पण त्यांनी आयुष्यभर तोच शिकवला असं मला वाटतं. ताकद आणि खरेपणा यांची सोयरीक लोक परस्पर लावून टाकतात, याची त्यांना चीड होती. जिंकला तो बरोबर, हे त्यांना मान्य नव्हतंच. पण हरला बिचारा, म्हणजे तोच खरा, हेही त्यांना तितकंच खोटं वाटायचं. पहिल्या मताच्या विरोधात बोलणारी माणसं पुष्कळ भेटतात. दोन्हींच्या विरोधात बोलणारी मी एकच पाहिली.

सातवीत एकदा कंपासपेटीवरून भांडण झालं. एका बाजूला वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा, दुसऱ्या बाजूला वाऱ्यानेही हलेल असा एक काडीपहिलवान. दोघांचंही म्हणणं, पेटी माझी. काडीपहिलवान रडत होता. मी शेजारच्या वर्गातून आवाज ऐकून दारात आलो आणि मनातल्या मनात निकाल देऊन मोकळा झालो. आख्ख्या वर्गाने दिला होता. तेवढ्यात दांडगा म्हणाला, "बाई, पंजा लावा. जिंकंल त्याची पेटी."

बाई म्हणाल्या, "लावा."

रडणाऱ्यानेही हात पुढे केला, हे मला तेव्हा विचित्र वाटलं नाही. तो लगेच हरला. वर्ग हळहळला.

"पंजा कुणी जिंकला?" बाईंनी विचारलं.

"ह्यानं!"

"बरं. पेटी कुणाची?"

वर्ग एकमेकांकडे बघायला लागला.

"पंज्याचा निकाल लागला. पेटीचा न्हाई लागला. ते दोन खटले हायत." असं म्हणून बाईंनी पेटी उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला कर्कटकाच्या टोकाने एक नाव कोरलेलं होतं. दांडग्याच्या थोरल्या बहिणीचं. पेटी तिच्याकडून त्याच्याकडे आलेली.

दांडगा छाती फुगवून पेटी घ्यायला आला, तेव्हा बाईंनी ती वर धरली. "तुझीच हाय. पण तू जिंकलास म्हणून न्हाई. हरला असतास तरी तुझीच होती. कळलं? आणि तू रे, तू रडलास म्हणून तुझी होत न्हाई." मग दाराकडे बघून म्हणाल्या, "सर, तुमचं काही काम होतं का?"

मी माझ्या वर्गात परत गेलो. तिथे एका लढाईचा धडा चालू होता. इतिहास शिकवणाऱ्याला जिंकलेला बरोबर धरायची सवय लागते, निदान परीक्षेपुरती.

पाठ्यपुस्तकातल्या गोष्टींवर बाईंचा विशेष राग होता. नायक सत्याने वागतो, शेवटी खलनायकाला लोळवतो, गाव जयजयकार करतं. बाई वर्गाला विचारायच्या, "आणि हा लोळला असता तर?" एकदा त्यांनी नववीला गृहपाठच दिला : शेवट बदला, नायकाला हरवा, पण तो बरोबर होता हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. बहुतेक मुलांनी त्याला मारून टाकलं आणि आकाशातून फुलं पाडली. काहींनी खलनायकावर वीज पाडली. दोन पालक मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन आले, की मुलांना हरायला शिकवतात. बाई त्यांना म्हणाल्या, "शिकवायला कशाला लागतंय? येतंच की आपोआप. हरल्यावर काय करायचं ते मी शिकवायलेय."

त्या गठ्ठ्यात एका मुलीने चारच वाक्यं लिहिली होती. "तो हरला. घरी गेला. भाकर खाल्ली. सकाळी परत गेला आणि तेच म्हणला." बाईंनी 'म्हणला'चं 'म्हणाला' केलं नाही. पैकीच्या पैकी गुण दिले आणि स्टाफरूममध्ये तो कागद सगळ्यांना दाखवला. मुलीचं नाव रुक्मिण. वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल. रुक्मिणही सुट्टीत बापाबरोबर पोती उचलायला जायची, त्यामुळे तिचे खांदे तिच्या वयाच्या पुढे गेले होते. बाईंनी ते खांदे बघितले आणि आपल्या वडिलांनी न शिकवलेली, नुसती बघितलेली कुस्ती तिला शिकवायला घेतली. शाळेमागच्या मोकळ्या जागेत दोघींनी माती खणली, ताक आणि तेल घालून ती मळली. मुख्याध्यापकांनी एकदा येऊन पाहिलं. काय शोभतं याबद्दल या खेपेला ते काही बोलले नाहीत.

आता मुख्य गोष्ट.

जवळच्याच एका गावची जत्रा होती. गावाचं नाव सांगत नाही, तिथे माझी सासुरवाडी आहे. जत्रेच्या कुस्त्यांत त्या वर्षी पहिल्यांदाच मुलींची एक मोठी जोड लावली होती : आमची बारावीतली रुक्मिण आणि नांदेडकडून आलेली, सरकारी कंत्राटं घेणाऱ्या एका गुत्तेदाराची मुलगी. ती मुलगी पांढऱ्या गाडीतून आली, सोबत तिचे वस्ताद. रुक्मिण वडाप जीपमध्ये बाईंच्या आणि माझ्यामध्ये चेपून आली. हे दोन तपशील पुरेसे होते. कोण जिंकायला हवं हे गावाने तिथेच ठरवलं.

भाऊसाहेब प्रमुख पाहुणे. त्यांनी माईकवर जाहीर केलं, की रुक्मिण जिंकली तर लातूरच्या तालमीत तिची राहण्याखाण्याची आणि पुढच्या शिक्षणाची सगळी सोय संस्था करेल. टाळ्या झाल्या. रुक्मिणच्या बापाने डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं. आणि स्टेजच्या बाजूला भाऊसाहेबांची माणसं एक फ्लेक्स बांधायला लागली. त्यावर रुक्मिणचा फोटो, त्याच्या चौपट भाऊसाहेबांचा फोटो, आणि खाली : 'विजयी कन्येचे हार्दिक अभिनंदन.'

मी शेजारच्या कार्यकर्त्याला विचारलं, "अजून कुस्ती व्हायचीय ना?"

"व्हायचीय की."

"आणि हरली तर?"

"तर गुंडाळून ठिवू, सर," तो समजूत काढत म्हणाला.

कुस्ती लागली. हलगी कडाडली. नांदेडची मुलगी सरस होती, हे मलाही कळत होतं. पण रुक्मिण पोत्याखाली शिरते तशी तिच्याखाली शिरली आणि धोबीपछाड मारला. ती मुलगी खांद्यावरून आली आणि कुशीवर पडली. कुशीवर. एक खांदा मातीला, दुसरा वर; चितपट व्हायला दोन्ही टेकावे लागतात. त्या क्षणी हलगीवाल्याने ताल बदलला. कुस्ती निकाली झाली की हलगी एका खास चालीवर जाते. गावाला ती चाल ऐकू आली आणि गाव आखाड्यात घुसलं. पंचाची शिट्टी ओठांत होती, वाजली नव्हती. त्याने स्टेजकडे पाहिलं. भाऊसाहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. मग शिट्टी वाजली.

पुढचं सगळं पापणी लवायच्या आत झालं. रुक्मिणला खांद्यावर घेतलं, गावच्या मानकऱ्याने तिला फेटा बांधला. आणि आमच्याकडे एकदा पैलवानाला बांधलेला मानाचा फेटा दुसऱ्या कुणी उतरवायचा नसतो. तो बांधणाऱ्या गावाचा अपमान. त्यामुळे नांदेडच्या मुलीच्या वस्तादांनीही तोंड उघडून परत मिटलं. ती मुलगी अर्ध्या चेहऱ्याला माती लागलेली अशी उभी होती, रडत नव्हती. सगळ्यांना दिसलं होतं. पण गरिबाची लेक जिंकली होती, गोष्टीत शोभेल अशी. आणि गोष्ट एवढी चांगली जमलेली असताना एका खांद्यासाठी ती कोण बिघडवणार?

पहिल्या रांगेतून बिरादार बाई उठल्या. काठावर चपला काढल्या आणि मातीत उतरल्या. गर्दी बाजूला झाली. बाई चालायला लागल्या की ती होतेच. रुक्मिणला खाली उतरवलं होतं आणि निवेदक तिच्या तोंडापुढे माईक धरून दोन शब्द मागत होता.

"रुक्मिणे," बाई म्हणाल्या, "तिची पाठ टेकली का?"

माईक चालू होता. बाईंचा प्रश्न आकाशपाळण्यापर्यंत, रेवड्यांच्या दुकानांपर्यंत गेला.

रुक्मिणने बाईंकडे पाहिलं. मग फ्लेक्सकडे. मग बापाकडे. तो हसत होता, त्याला प्रश्न ऐकू आला नसावा, किंवा आलाही असेल. भाऊसाहेब स्टेजवरून म्हणाले, "बाई, पंचांनी निर्णय दिलाय! तुम्ही नेमक्या कुणाच्या बाजूच्या?"

"पोरीच्या. म्हणून तर तिलाच विचारलं."

हलगी थांबली होती. रुक्मिणने फेट्याला हात घातला. गाव नुसतं बघत राहिलं, कारण दुसऱ्याने फेटा उतरवायचा नाही हे ठरलेलं होतं. ज्याचा त्याने उतरवला तर काय, हे कुणी कधी ठरवलंच नव्हतं. तिने एकेक पदर सोडवला, सगळा फेटा हातावर गोळा केला आणि मानकऱ्याला परत दिला.

"एकच खांदा टेकलाय," ती म्हणाली. तेही माईकवर गेलं.

कुस्ती परत लागली. या वेळी हलगीवाला शिट्टीची वाट बघत थांबला. शिट्टी लवकरच वाजली, आणि रुक्मिणचे दोन्ही खांदे मातीवर होते. नांदेडच्या मुलीने हात देऊन तिला उठवलं आणि तिच्या पाठीची माती झटकली. कार्यकर्त्यांनी फ्लेक्स गुंडाळला. शब्दाला पक्की माणसं.

येताना जीपमध्ये रुक्मिण आता आमच्या मध्ये नव्हती, पुढे बापाशेजारी बसली. बरंच अंतर गेल्यावर ती मागे न वळता म्हणाली, "कानात इचारायचं होतं, बाई."

"कानात विचारलं असतं तर उत्तर बी कानातच दिलं असतंस."

"ते माझं मी बघितलं असतं. तुम्ही माझा इचार मला करूच दिला न्हाई. आख्ख्या जत्रंला करायला लावला."

बाईंनी वाकून तळव्यांना लागलेली आखाड्याची माती झटकली.

लातूरची सोय अर्थातच झाली नाही. शाळेमागची माती काही दिवसांत सारखी करण्यात आली. नवं वर्ष सुरू होण्याआधी बाईंची 'शैक्षणिक गरज म्हणून' संस्थेच्या नांदेडकडच्या शाखेत बदली झाली. निरोप समारंभात भाऊसाहेबांनी त्यांना सत्यवादिनी म्हटलं. 'विजयी कन्या' फ्लेक्ससकट तांदळाच्या खोलीत कट्ट्यांवर झाकायला गेली आणि बरीच वर्षं तिथे होती. पावसाचं पाणी आत येऊ देत नसे.

खरं बोलल्यामुळे शेवटी रुक्मिणचं भलंच झालं, असं इथे लिहायचा मोह होतो. बाईंनी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली असती. भलं-बिलं काही झालं नाही. ती मोंढ्यात पोती उचलत होती, पहाटे तिथल्याच रस्त्यावर पळत होती, पोलीस भरतीत एकदा नापास झाली, पुन्हा गेली आणि लागली. दरम्यान दोन-अडीच वर्षं ती बाईंशी बोलली नाही. भरतीत बाईंचा वाटा किती, याबद्दल दोघींत एकमत नाही. बाई म्हणतात, काही नाही. रुक्मिण म्हणते, बाईंवरच्या रागानं अर्धी पळाले.

मागच्या वर्षी बाईंना अर्धांगवायूचा झटका आला. आता त्या नांदेडला, विष्णुपुरीच्या रस्त्याला, आपल्या मुलाकडे असतात. उजवी बाजू गेली होती, आता थोडी परतलीय. मी भेटायला गेलो तो रविवार होता. बाई खुर्चीत बसल्या होत्या, अर्ध्या झाल्यासारख्या, पण खुर्ची अजून लहानच दिसत होती. समोर रुक्मिण. तिची बदली नांदेडला झाल्यापासून सुट्टीच्या दिवशी ती येते, असं सूनबाईंनी सांगितलं. मध्ये टीपॉय, त्यावर दोघींचे कोपर टेकलेले. बाईंनी उजवा हात दिला होता. जो गेला होता तोच.

"डावा द्या की, बाई," मी म्हणालो.

"डाव्याला काय धाड भरलीय? आजारी हा हाय. कामाला हाच लागंल."

मला वाटलं, रुक्मिण जरा झुंजल्यासारखं करेल, मग अलगद हात खाली जाऊ देईल. आजारी माणसाशी आपण तसंच वागतो, त्याला माणुसकी म्हणतो. रुक्मिणने बाईंच्या डोळ्यांत पाहिलं आणि हात एका दमात टेकवला. पार फळीवर, कपबशी हलली.

"अगं, जरा..." माझ्या तोंडून गेलं.

"सर, तुम्ही मधी पडू नका," बाई म्हणाल्या. जीभ जड झाली होती, पण सूर तोच. चेहऱ्याची एकच बाजू हसत होती, आणि ती पुरेशी होती. "टेकला का गं?"

"टेकला. पुरा टेकला."

"हां."

रुक्मिणने बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला. "आणि बाई, त्या दिवशी तुमचं चुकलंच. कानात इचारायचं होतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता जिंकले म्हणून म्हणत न्हाई, सर. हरले असते तरी तेच म्हणले असते."

मी बाईंकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्यांनी हेच शिकवलं, त्यांच्यावरच ते कुणी उलटवलं तर काय होतं, हे मला बघायचं होतं. पश्चात्ताप, निदान एक उसासा. मी इतिहासाचा माणूस, मला शेवटी तह आवडतात.

बाईंनी डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाशी धरला, तांदळाचा कट्टा उचलावा तसा फळीवरून उचलला आणि कोपर पुन्हा टीपॉयवर रोवला.

"हरले तरी मी बी माझं तेच म्हणते," त्या म्हणाल्या. "धर."